हंगाम द्राक्षांचा, हंगाम लाटांचा

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थपासून सुमारे २७० किलोमीटर दक्षिणेला मार्गारेट रिव्हर नावाचं गाव आहे. वाइन आणि लाटा या दोन गोष्टींसाठी हे गाव जगभर ओळखलं जातं. १९६७ साली टॉम कलिटी या डॉक्टरांनी 'वास फेलिक्स' ही या भागातली पहिली व्यापारी द्राक्षबाग लावली. सर्फर मात्र त्याच्याही आधी, १९५०च्या दशकात, या किनाऱ्यावर पोचले होते. गावापासून दहा-बारा किलोमीटरवर प्रेव्हेली आहे. तिथल्या 'सर्फर्स पॉइंट'समोर हिंदी महासागराच्या लाटा खडकाळ, उथळ तळावर येऊन फुटतात.

द्राक्षांची तोडणी फेब्रुवारीत सुरू होते आणि एप्रिलपर्यंत चालते. आधी शार्डनेसारखी पांढरी द्राक्षं, शेवटी काबर्ने सोविन्यों. याच सुमारास उन्हाळाभर घोंघावणारे वारे मंदावू लागतात आणि दक्षिण महासागरातली वादळं जोर धरतात. रोजगाराचा हंगाम आणि चांगल्या लाटांचा हंगाम असे इथे एकमेकांवर चढतात. परदेशात हंगामी मजुरी करत कमी पैशांत सर्फिंग करणाऱ्या तरुणांचं सगळं गणित अशा जुळणाऱ्या तारखांवर उभं असतं. तारखा जुळल्या नाहीत तर हातात पैसे असतात पण लाट नसते, किंवा लाट असते आणि जेवायचे वांधे होतात.

तोडणीचं काम ज्याने पाहिलं नाही त्याला ते निवांत वाटतं. नाशिक-निफाडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. तिकडेही याच महिन्यांत बागांमध्ये कात्र्या चालू असतात. फरक मांडणीत आहे. नाशिकला मांडवावर चढवलेल्या वेलीचे घड डोक्याच्या आसपास लोंबतात. मार्गारेट रिव्हरला वाइनसाठीच्या वेली तारांच्या आधाराने उभ्या रांगांत वाढवतात आणि घड कमरेच्या किंवा मांडीच्या उंचीवर लागतात. त्यामुळे दिवसभर कमरेत वाकून किंवा गुडघ्यावर सरकत काम करावं लागतं. आधी पक्ष्यांपासून संरक्षणासाठी टाकलेली जाळी वर करायची, पानं बाजूला सारायची, देठ शोधायचा, कात्रीने कापायचा, घड बादलीत टाकायचा, बादली भरली की पुढे सरकायचं. डाव्या हाताच्या बोटांना कात्रीचे ओरखडे पडतात, रसाने हात चिकट होतात आणि मग त्यावर मधमाश्या येतात. त्या जाळ्यांचीही एक गोष्ट आहे. सिल्व्हरआय नावाचा एक लहानसा पक्षी मारी या निलगिरीच्या कुळातल्या झाडाच्या मधावर जगतो. मारीला बहर चांगला आला तर तो द्राक्षांकडे फारसा वळत नाही; बहर कमी आला की थवेच्या थवे बागांवर उतरतात.

काम पहाटे सुरू होतं, कारण फळ थंड असतानाच आत न्यायचं असतं. दुपारी मजूर मोकळे होतात. पण सर्फरसाठी गोम इथेच आहे. किनाऱ्यावर पहाटे मतलई वारे वाहतात, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. हा वारा येणाऱ्या लाटेला समोरून थोपवून धरतो. तिचा दर्शनी भाग गुळगुळीत राहतो, ती उशिरा आणि स्वच्छ फुटते. जमीन तापली की खारे वारे सुरू होतात आणि त्यांनी लाटेची पाठ ढकलली की ती विस्कटते. पश्चिम ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यातला हा दुपारचा समुद्रवारा इतका ठरलेला आहे की पर्थकर त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. उकाड्यावर तो उतारा असतो म्हणून. तापलेल्या शहराला हवाहवासा वाटणारा हा वारा सर्फरची दुपार मात्र बिघडवतो. थोडक्यात, तोडणीचे तास आणि उत्तम लाटांचे तास नेमके एकच. शरद ऋतूत दक्षिणेकडचे वारे पडतात तेव्हा दुपारही बरी जाते. एरवी बागेतला मजूर सुट्टीच्या दिवसाकडे डोळे लावून बसतो.

म्हणून मुरलेले लोक संध्याकाळचं काम शोधतात. हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासणं, भाज्या चिरणं, टेबलं पुसणं, बारमध्ये ग्लास गोळा करणं. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकघरातल्या हरकाम्याला 'किचन हँड' म्हणतात. शिफ्ट संध्याकाळी सुरू होते, रात्री उशिरा संपते, आणि पहाट पूर्णपणे आपली राहते. शिवाय एक जेवण बहुधा तिथेच होतं, जे तुटपुंज्या खिशाला फार मोठं असतं. दारू वाढायची असेल तर 'आरएसए' हे प्रमाणपत्र लागतं, बांधकामावर जायचं तर 'व्हाइट कार्ड' लागतं. दोन्ही छोट्या प्रशिक्षणानंतर मिळतात आणि दोन्हींमुळे मजुरीची दारं बरीच उघडतात.

या जगण्याचा सगळ्यात प्रसिद्ध दस्तऐवज एका अमेरिकन पत्रकाराने लिहिला आहे. विल्यम फिनेगन कॅलिफोर्निया आणि हवाईत लाटांवर वाढला. सदर्न पॅसिफिक रेल्वेत ब्रेकमनची नोकरी करून त्याने पैसे साठवले आणि १९७८ साली ब्रायन डी सॅल्व्हाटोरे या मित्रासोबत तो दक्षिण पॅसिफिकच्या बेटांकडे निघाला. त्याच वर्षी फिजीजवळच्या तावारुआ या निर्मनुष्य बेटावर दोघे तळ ठोकून राहिले. तिथली लाट तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या सर्फरांना ठाऊक होती. पैसे आटले तेव्हा ते ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टवर किराला येऊन राहिले. फिनेगनने तिथे रेस्टॉरंटमध्ये भांडी घासली आणि सकाळी किराच्या लाटा घेतल्या. पुढे इंडोनेशिया, मग दक्षिण आफ्रिका. १९८० साली केप टाउनच्या ग्रासी पार्क भागात त्याने शाळेत शिकवलं. ते वर्णद्वेषी राजवटीचे दिवस होते, आणि विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी शाळांवर मोठा बहिष्कार पुकारला होता. पोट भरण्यासाठी आणि लाटांजवळ राहण्यासाठी घेतलेल्या त्या नोकरीने त्याचा पत्रकार घडवला. या सगळ्या वर्षांवरचं त्याचं 'बार्बेरियन डेज' हे पुस्तक २०१५ साली आलं आणि २०१६ साली त्याला पुलित्झर मिळालं.

फिनेगनच्या प्रवासाचा क्रम नीट पाहिला तर त्यात एक शिस्त दिसते. आधी चांगल्या पगाराच्या देशात मजुरी, मग स्वस्त देशांत खर्च, पैसे संपले की पुन्हा पगाराच्या देशात. भटकंती मुक्त वाटते, पण तिची दिशा मजुरीच्या दरांनी ठरवलेली असते. हे आजही तसंच आहे. ऑस्ट्रेलियात जुलै २०२५मध्ये किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं. रोजंदारीवरच्या, म्हणजे 'कॅज्युअल' कामगाराला त्यावर २५ टक्के जादा मिळतात, कारण त्याला पगारी रजा, आजारपणाची रजा यांतलं काही मिळत नाही. म्हणजे तासाला सुमारे ३१.१९ डॉलर. आठवड्याला ३० तास काम मिळालं तर ९३५ डॉलरच्या आसपास होतात. 'वर्किंग हॉलिडे' व्हिसावर असलेल्यांना पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर लागतो, तो वजा जाता ७९५ डॉलर हातात येतात. यातून किनाऱ्यावरच्या गावातलं भाडं द्यायचं. ते भाडं हीच या गणितातली सगळ्यात निसरडी जागा. वाण्याचं बिल आटोक्यात ठेवता येतं, जुना बोर्ड चालतो, पण समुद्राजवळच्या खोलीला पर्याय नसतो. व्हॅनमध्ये झोपणं हा पर्याय वाटतो; पण किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत रस्त्यावर रात्र काढायला बंदी आहे आणि एक दंड भरला की आठवडाभराची बचत जाते.

या करालाही इतिहास आहे. २०१५च्या अर्थसंकल्पात ऑस्ट्रेलियन सरकारने पहिल्या डॉलरपासून ३२.५ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मांडला. शेतकरी हवालदिल झाले, कारण परदेशी पोरं आली नाहीत तर फळं झाडावरच सडणार होती. दीड वर्षाच्या घासाघिशीनंतर डिसेंबर २०१६मध्ये आकडा १५ वर आला. हंगामी मजुरांना मिळालेली ही सवलत कोणाच्या दयेची नव्हती. त्यांच्या हातांशिवाय शेती अडते हे संसदेला मान्य करावं लागलं होतं.

मुळात ही व्हिसा योजना १९७५ साली सुरू झाली तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांपुरतीच होती. नाव 'वर्किंग हॉलिडे', कल्पना सांस्कृतिक देवाणघेवाणीची. २००५ साली त्यात एक कलम आलं आणि योजनेचं स्वरूपच पालटलं. ग्रामीण भागात ठरावीक प्रकारचं काम तीन महिने, म्हणजे ८८ दिवस केलं तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा. २०१९पासून आणखी सहा महिने काम केलं तर तिसऱ्या वर्षाचाही. तेव्हापासून 'एटीएट डेज' हा हॉस्टेलांमधला परवलीचा शब्द झाला. कोणाचे किती झाले, कोणाचे मालकाने धरले नाहीत, कोणाची पगारपावती हरवली, हीच तिथली रात्रीची चर्चा.

सर्फरसाठी यातली अडचण मोठी आहे. बायरन बे या सर्फगावातल्या कॅफेत केलेलं काम या ८८ दिवसांत धरलं जात नाही, भले बायरन ग्रामीण भागाच्या यादीत असो. पर्यटन आणि हॉटेलांतलं काम फक्त उत्तर ऑस्ट्रेलियात किंवा दुर्गम भागांत केलं तरच मोजलं जातं. इतरत्र मुख्यतः शेती, पशुपालन, मासेमारी, वनीकरण, खाणकाम, बांधकाम. त्यामुळे अनेक जण क्वीन्सलँडच्या आतल्या भागात फळं-भाज्या काढायला जातात आणि तीन महिने समुद्राचं तोंडही पाहत नाहीत. पण नकाशा समोर घेऊन बसलं तर थोड्या जागा सापडतात जिथे शेत आणि लाट दोन्ही आहेत. मार्गारेट रिव्हर ही त्यांतली एक. तिथे तोडणीनंतर हिवाळ्यात वेलींची छाटणी असते. दुसरी कार्नार्व्हन. पर्थच्या उत्तरेला नऊशे किलोमीटरवर, गॅस्कॉइन नदीच्या मुखाशी असलेल्या या गावात केळीच्या बागा आहेत आणि हिवाळ्यात टोमॅटो, सिमला मिरचीचा हंगाम असतो. तिथून उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर नारालू आहे. मे ते सप्टेंबर या काळात तिथली 'टूमस्टोन्स' ही लाट ऐन भरात असते. उथळ प्रवाळाच्या खडकावर फुटणारी, ताकदवान, नवशिक्याने काठावरूनच पाहावी अशी. आठवडाभर मिरच्या तोडायच्या, रजेच्या दिवशी पाण्याचे कॅन आणि सुटं चाक गाडीत टाकून निघायचं. तिसरी जागा आणखी उत्तरेला, एक्समाउथ. तिथलं हॉटेलातलं कामही मोजलं जातं आणि निंगालूच्या किनाऱ्यावर लाटाही आहेत.

लाटेची खबर आधी लागते, हा यातला कळीचा मुद्दा. नव्या सर्फरला वाटतं की समुद्र लहरी आहे. तसा तो फारसा नाही. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात वादळं पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत फिरत असतात. तिथल्या वाऱ्याने उठलेल्या लाटा पुढे हजारो किलोमीटर प्रवास करतात आणि जाता जाता लांबीनुसार वेगळ्या होतात. लांब लाटा पुढे, आखूड मागे. दोन शिखरांमध्ये १५ सेकंदांचं अंतर असलेल्या लाटांचा ताफा खोल समुद्रात ताशी ४० किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने सरकतो, म्हणजे दिवसाला साधारण हजार किलोमीटर. वादळ चार हजार किलोमीटरवर असेल तर लाट चार दिवसांनी येणार. आज ही माहिती फोनवर फुकट मिळते.

आता हे कामाच्या वेळापत्रकाशी जोडून पाहा. रविवारी नकाशावर वादळ दिसलं. गुरुवारी लाट पोचणार. तर सोमवारीच सहकाऱ्याशी बोलून गुरुवारची सकाळ शनिवारच्या रात्रीशी बदलून घ्यायची. शनिवार रात्रीची शिफ्ट कोणालाच नको असते, त्यामुळे सौदा लगेच पटतो. 'कॅज्युअल' या शब्दाला दोन्ही बाजूंनी धार आहे: मालक उद्याचं काम आज रद्द करू शकतो, आणि कामगारही शिफ्टला नाही म्हणू शकतो. मात्र हे नाही म्हणणं जपून वापरावं लागतं. लाट आली त्या सकाळी फोन करून आजारी असल्याचं सांगणारा पोरगा सर्फगावातल्या मालकाला नवा नसतो. लाट त्यालाही दिसत असते आणि बरेचदा तो स्वतःही सर्फर असतो. चार दिवस आधी शिफ्ट बदलून घेणाऱ्याचं काम टिकतं. ऐनवेळी गायब होणाऱ्याला पुढच्या आठवड्याच्या यादीत नाव सापडत नाही. सर्फ प्रवासाची पुस्तकं लाट पकडायला शिकवतात, पण शिफ्टची अदलाबदल शिकवत नाहीत, आणि वर्षभर तगून राहणं बहुतांशी या दुसऱ्या कौशल्यावर ठरतं.

पूर्व किनाऱ्याचं कॅलेंडर वेगळं. कोरल समुद्रातली चक्रीवादळं साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात गोल्ड कोस्टला लाटा पाठवतात आणि तेव्हा स्नॅपर रॉक्स, किरा, बायरनचा 'द पास' या जागा जाग्या होतात. व्हिक्टोरियात टॉर्कीजवळच्या बेल्स बीचवर ईस्टरच्या दिवसांत स्पर्धा भरते. १९६२ पासून तिथे दरवर्षीची परंपरा आहे. ईस्टर म्हणजे तिथली शेवटची मोठी सुट्टी, हॉटेलांत कामाचा ढीग. त्यानंतर पर्यटक पांगतात, तास कमी होतात, आणि नेमका तेव्हाच इंडोनेशियात कोरडा ऋतू सुरू झालेला असतो.

इंडोनेशिया म्हणजे साठवलेले पैसे खर्च करण्याचा देश. मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. बालीच्या पश्चिमेकडच्या उलुवाटूसारख्या जागांवर ते जमिनीकडून समुद्राकडे येतात, आणि दक्षिण महासागरातल्या लाटाही याच महिन्यांत सर्वांत जास्त पोचतात. ऑस्ट्रेलियात आठवडाभरात उरलेल्या पैशांवर तिथे बराच काळ निघतो. पण तिथे कमवायचं नसतं, हे ठामपणे सांगायला हवं. पर्यटक व्हिसावर सर्फिंग शिकवून किंवा फोटो काढून चार पैसे मिळवणारे परदेशी पकडले जातात आणि देशाबाहेर काढले जातात. त्यात कायद्यापलीकडचा प्रश्नही आहे. कुटाच्या किनाऱ्यावर बोर्ड भाड्याने देणारा आणि शिकवणारा बालीचा माणूस त्याच कमाईवर घर चालवतो. ऑस्ट्रेलियात ताशी तीस डॉलर मिळवण्याची मुभा असलेल्याने त्याच्या ताटात हात घालणं अन्यायाचं आहे.

स्वस्ताईचा दुसरा धोका आरोग्याचा. १९७५ साली केव्हिन लोव्हेट, जॉन गिझेल आणि पीटर ट्रॉय हे तीन ऑस्ट्रेलियन सुमात्राच्या पश्चिमेला नियास बेटावर पोचले आणि लागुंद्री उपसागरातली अप्रतिम लाट त्यांना सापडली. त्या किनाऱ्यावर मलेरिया होता. वारंवारच्या तापाने खंगलेला गिझेल वर्षभराच्या आतच प्रवासात न्यूमोनियाने गेला. तो विशीत होता. फिनेगनलाही पुढे या भागातल्या प्रवासात मलेरियाने गाठलं होतं. आज औषधं आणि दवाखाने बरे आहेत, तरी काटकसर विम्यावर करायची नाही हा धडा शिळा झालेला नाही. पॉलिसीची बारीक अक्षरं वाचावीत, कारण पर्यटकांच्या अनेक विमा पॉलिसींमध्ये अंगमेहनतीच्या कामात झालेली इजा वगळलेली असते. शिडीवरून पडलेला मजूर त्यांच्या लेखी पर्यटक राहत नाही.

मजुरीची काळी बाजू लाटांच्या चित्रफितींत दिसत नाही. २३ जून २००० रोजी क्वीन्सलँडमधल्या चिल्डर्स गावातल्या एका बॅकपॅकर हॉस्टेलला आग लावली गेली आणि १५ तरुण मेले. जवळच्या शेतांवर फळं-भाज्या काढायला आलेली ती पोरं होती. त्या घटनेनंतर अशा निवासांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या फेअर वर्क लोकपालाने फळतोडणीच्या पट्ट्यातल्या ६३८ व्यवसायांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी कामगार कायदे मोडलेले आढळले. बादलीमागे पैसे देण्याच्या पद्धतीत नवखा हात दिवसाला जेवणापुरतंही मिळवू शकत नसे. अखेर एप्रिल २०२२पासून बादलीचा हिशोब असला तरी ताशी किमान वेतनाची हमी बंधनकारक झाली. ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने लढून मिळवलेला हा हक्क आहे आणि हॉस्टेलमधल्या प्रत्येक पोराला तो तोंडपाठ असायला हवा. ८८ दिवसांच्या सहीसाठी मालकाच्या मर्जीवर राहावं लागणं हे या योजनेतलं सगळ्यात मोठं वैगुण्य आहे. २०१५पासून बिनपगारी, जेवणा-राहण्याच्या बदल्यात केलेलं काम मोजणं बंद झालं, हे बरंच झालं. पगारपावती हातात आली की मजुराला बोलायला आधार मिळतो. पावत्या रोजच्या रोज जपणं, तास वहीत लिहून ठेवणं आणि पासपोर्ट कोणाच्याही हाती न सोपवणं या तीन सवयींचा उपयोग नव्या बोर्डापेक्षा जास्त होतो.

गावकऱ्यांच्या बाजूनेही पाहायला हवं. बायरन बेसारख्या गावात घरं सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने देणं फायद्याचं झाल्यावर तिथल्या शिक्षिका, नर्स, स्वयंपाकी यांना राहायला जागा उरली नाही. सप्टेंबर २०२४पासून बायरन परगण्याच्या मोठ्या भागात अशा अल्पमुदतीच्या भाड्यावर वर्षाला ६० दिवसांची मर्यादा आली. हंगामी कामगार या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा असतो: त्याच्याशिवाय हॉटेलं चालत नाहीत आणि त्याच्यामुळे खोल्यांची टंचाई वाढते.

भारतीय पासपोर्टसाठी हे दार अगदी अलीकडे उघडलं. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातला व्यापार करार डिसेंबर २०२२मध्ये लागू झाला. त्यातल्या तरतुदीनुसार १६ सप्टेंबर २०२४पासून भारतीयांना 'वर्क अँड हॉलिडे' हा ४६२ क्रमांकाचा व्हिसा मिळू लागला. वर्षाला जागा फक्त एक हजार. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, आणि परतीच्या भाड्याव्यतिरिक्त साधारण पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे तीन लाख रुपये, खात्यात असल्याचा पुरावा. निवड सोडतीने होते. नाव नोंदवायला २५ डॉलर. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार जणांनी नावं नोंदवली. सोडतीत नाव आलं तरी ब्रिटिश किंवा आयरिश पोरांना मिळणारी सरकारी वैद्यकीय सोय भारतीयांना नाही, कारण दोन्ही देशांत तसा करार नाही. त्यामुळे विम्याचा खर्च पहिल्याच दिवसापासून धरावा लागतो. एका मालकाकडे सहा महिन्यांहून जास्त काम करता येत नाही. शेतीला यात सूट आहे. मालकाने निवृत्तिवेतनासाठी भरलेले पैसे देश सोडल्यावर परत मागता येतात, पण त्यातले ६५ टक्के कर म्हणून कापले जातात. घरखर्चाच्या हिशोबात ती रक्कम धरूच नये. आली तर परतीच्या विमानात बोर्ड नेण्याचं भाडं निघतं.

आणि सोडतीत नाव आलं नाही तर? कोकणातल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल, कारण समुद्र दाराशी आहे. पण जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात लाटा सर्वांत मोठ्या असतात तेव्हा नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर आदळतो. लाटांचं नुसतं रान माजतं. बोर्ड घेऊन आत जाणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून गोव्यात मांद्रे-अश्वे परिसरातल्या सर्फशाळा ऑक्टोबर ते मे चालतात. कर्नाटकात मुल्कीला २००४ साली मंत्र सर्फ क्लब सुरू झाला. तो चालवणाऱ्या आश्रमवासीयांना लोक 'सर्फिंग स्वामी' म्हणून ओळखतात. पश्चिम किनारा पावसाळ्यात मिटतो तेव्हा पूर्व किनारा उघडतो. तमिळनाडूत कोवलम आणि महाबलीपुरमच्या समोर त्याच दक्षिणेच्या लाटा पोचतात आणि नैर्ऋत्येचा वारा तिथे जमिनीकडून येतो; कोवलमचा सर्फ महोत्सव ऑगस्टमध्ये भरत आला आहे तो याच कारणाने. मासेमारांच्या वस्त्यांतून आलेली मुलं आज तिथे प्रशिक्षक आहेत आणि राष्ट्रीय स्पर्धा जिंकतात. लाइफगार्डचं आणि प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मिळवलेल्या तरुणाला हिवाळ्यात गोवा, पावसाळ्यात तमिळनाडू असं वर्ष लावता येतं. व्हिसा लागत नाही, बोर्ड रेल्वेच्या लगेजमध्ये टाकता येतो. पगार ऑस्ट्रेलियाच्या आसपासही जात नाही. पण पहाटेचे तास हाताशी राहतात, आणि पुढच्या वर्षीच्या सोडतीत नाव नोंदवायचं असेल तर उमेदवाराच्या पदरी तोवर पाण्यातल्या कामाचा अनुभव आणि एका हंगामाची बचत जमलेली असते.